एकाच एमएफआयचे दोन ग्रेड लाइनवर वेगळे का वागतात? पॉलिमरच्या फांद्या आणि मेल्टचा फ्लो

तुमचे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, म्हणून आधी सुटे करून घेतो. पहिला, एका पुस्तकात लिहिलंय की ब्रँचिंगने (पॉलिमरच्या साखळीला फांद्या फुटल्याने) मेल्टची, म्हणजे वितळलेल्या मालाची, व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) कमी होते आणि दुसऱ्यात लिहिलंय की वाढते, मग खरं काय. दुसरा, तुम्ही ब्लोन फिल्मच्या (बबल फुगवून फिल्म काढायच्या) लाइनवर २ एमएफआयचं (मेल्ट फ्लो इंडेक्स, दहा मिनिटांत किती ग्रॅम मेल्ट वाहतं तो आकडा) एलडीपीई (लो डेन्सिटी पॉलिइथिलीन) काढून २ एमएफआयचंच एलएलडीपीई (लिनिअर, म्हणजे सरळ साखळीचं लो डेन्सिटी) टाकलं, तर मोटरचे अँप्स (करंट) चढले, फिल्मवर खरखरीतपणा आला आणि बबल डोलायला लागला. तिसरा, सप्लायर म्हणतो दोन्हींमध्ये हजार कार्बनमागे जवळपास वीसच ब्रँचेस आहेत, म्हणजे "ब्रँचिंग सेम आहे", तेव्हा दोष तुमच्या मशीनचा.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण खरी गोम तिथेच आहे. सप्लायरचा आकडा खोटा नसेल, पण फ्लोच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी आहे. फांद्या किती हे विचारून काही कळत नाही, फांदी किती लांब आहे, साखळीवर कुठे बसलीय आणि एका फांदीवर पुढे अजून फांदी फुटलीय का, हे विचारायला लागतं. एलएलडीपीईमधली फांदी कोमोनोमरमधून (इथिलीनसोबत घातलेल्या दुसऱ्या घटकातून) येते, ब्युटीन असेल तर दोन कार्बनची, हेक्झीनची चार, ऑक्टीनची सहा. बस्स. एलडीपीईमध्येसुद्धा बहुतेक फांद्या छोट्याच असतात, साखळीचं वाढणारं रॅडिकल टोक (सुटा इलेक्ट्रॉन असलेलं, चटकन जोडलं जाणारं) मागे वळून स्वतःच्याच साखळीतला हायड्रोजन उचलतं आणि चार कार्बनचं शेपूट मागे राहतं. पण हजार-दोन हजार बारच्या वरच्या त्या प्रेशरमध्ये अजून एक गोष्ट होते, रॅडिकल कधीकधी शेजारच्या तयार साखळीच्या मधल्या भागातून हायड्रोजन काढून घेतं आणि तिथून नवीन साखळीच वाढायला लागते, ती शेकडो कार्बन लांब होऊ शकते आणि तिच्यावर परत तसंच घडू शकतं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत फॉसेट आणि गिब्सनना १९३३ मध्ये पॉलिइथिलीन मिळालं ते याच पद्धतीचं, आणि त्यानंतर वीस वर्षांनी झीग्लरने कमी प्रेशरवर जे बनवलं त्यात हा प्रकार नाही. मिथाइल ग्रुप (फांदीच्या टोकाचे) मोजले की छोटी फांदी पण एक आणि लांब फांदी पण एकच. म्हणून "हजारामागे वीस" दोन्हीकडे सारखं दिसतं.

आता लांब म्हणजे किती लांब, याला एक मोजमाप आहे, ते म्हणजे साखळ्यांचा गुंता. वितळलेल्या पॉलिमरमध्ये साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दोन अडकण्यांमधल्या तुकड्याचं सरासरी वजन प्रत्येक पॉलिमरला ठरलेलं असतं. पॉलिइथिलीनला ते साधारण १००० च्या आसपास, पॉलिस्टायरीनला १७-१८ हजार. पॉलिइथिलीनचा हजार म्हणजे सत्तरएक कार्बन. सहा कार्बनची फांदी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी पण नाही, ती कशात अडकणार? ती क्रिस्टल बिघडवते, डेन्सिटी खाली आणते, फिल्म मऊ करते, मेल्टिंग पॉइंट उतरवते, म्हणजे घन अवस्थेत तिचा रुबाब मोठा, पण मेल्टच्या फ्लोमध्ये तिचा हिशोब किरकोळ. फ्लो बदलायचा तर फांदी त्या हजाराच्या निदान दोन-तीन पट तरी हवी, म्हणजे दीडशे-दोनशे कार्बनच्या पुढे. गंमत अशी की नेहमीच्या कार्बन एनएमआरला (साखळीची रचना तपासायच्या टेस्टला) सहा कार्बनच्या पुढच्या सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात, त्यामुळे ऑक्टीन ग्रेडच्या रिपोर्टमध्ये कोणी "लाँग ब्रँच" असा कॉलम दाखवला तर जरा थांबून विचारा की यात ऑक्टीनच्या फांद्या धरल्यात का.

पहिला प्रश्न. सरळ साखळी गुंत्यातून सुटते ती स्वतःच्या वाटेने पुढेमागे सरपटून, दे जेनने १९७१ मध्ये हे मांडलं आणि डोई-एडवर्ड्सने पुढे त्यावर पूर्ण थिअरी उभी केली. त्यामुळे सरळ साखळीची व्हिस्कॉसिटी (अगदी हळू फ्लोमधली, शून्य शिअरची; शिअर म्हणजे मेल्टचे थर एकमेकांवर घासत सरकणं) गुंत्याची मर्यादा ओलांडल्यावर मॉलिक्युलर वेटच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढते, वजन दुप्पट केलं की व्हिस्कॉसिटी दहापटीच्या थोडी वर. आता मध्ये एक लांब फांदी लावा, तीन हातांचा तारा झाला. हा सरपटू शकत नाही. जत्रेच्या गर्दीत एकटा माणूस फटीफटीतून निघून जातो, पण तिघं घट्ट हात धरून तीन वेगवेगळ्या फटींत शिरले असतील तर एकाने पुढे जायचं म्हटलं की बाकीचे दोघं धरून ठेवतात, आणि सुटका फक्त तेव्हाच जेव्हा एखादा आपल्या फटीतून उलटा पार जोडापर्यंत मागे येईल. ताऱ्याच्या हाताला नेमकं हेच करावं लागतं, पूर्ण हात आत ओढून घ्यायचा आणि नव्या वाटेने परत बाहेर काढायचा, आणि हात जितका लांब तितकी ही गोष्ट घडण्याची शक्यता घाताच्या हिशोबाने नाही तर एक्स्पोनेन्शियल हिशोबाने कमी होते. हाताची लांबी दहा गुंत्यांवरून वीस गुंत्यांवर नेली तर व्हिस्कॉसिटी शेकडो पटीने चढते. आणि इथे लोकांना पटायला जड जाणारी गोष्ट, हाताची लांबी तीच ठेवून हात चाराचे आठ केले तरी व्हिस्कॉसिटी फारशी हलत नाही. एकूण वजन दुप्पट झालं तरीसुद्धा! कारण प्रत्येक हात आपापला मागे येतो, शेजारी किती आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणजे "वाढते" म्हणणारं पुस्तक बरोबर. मग "कमी होते" वालं? तेही बरोबर, फक्त ते वेगळ्या मॉलिक्यूलबद्दल बोलतंय. तेवढंच वजन फांद्यांमध्ये वाटलं की मॉलिक्यूल आखडतो, झिम आणि स्टॉकमायरने १९४९ मध्ये हे गणितात बसवलं, त्यानुसार चार सारख्या हातांच्या ताऱ्याच्या पसाऱ्याचा वर्ग त्याच वजनाच्या सरळ साखळीच्या ०.६२५ पट भरतो. आता फांद्या भरपूर पण आखूड असतील, गुंत्याच्या मर्यादेच्या आसपास किंवा खाली, तर हात मागे घ्यायचा त्रास नाही आणि मॉलिक्यूल मात्र छोटा, गुंता कमी, म्हणून व्हिस्कॉसिटी सरळपेक्षा खाली. एलडीपीई सारख्या वजनाच्या सरळ पॉलिइथिलीनशी तुलना केली तर बहुतेक वेळा खालीच येतं, कारण फांद्या इतक्या की पसारा फार आखडलेला. याचं टोक म्हणजे डेंड्रिमर आणि हायपरब्रँच्ड पॉलिमर, प्रत्येक फांदीला फांदी, गुंता होतच नाही, आणि वजनाच्या मानाने मेल्ट आश्चर्य वाटेल इतकं पातळ. उलट मेटॅलोसीन किंवा कन्स्ट्रेन्ड जॉमेट्री कॅटॅलिस्टने केलेल्या ग्रेडमध्ये दहा हजार कार्बनमागे एखादीच लांब फांदी असते, म्हणजे एक लाख वजनाच्या साखळीत (सात हजारएक कार्बन) सरासरी एकसुद्धा पूर्ण भरत नाही, तरी शून्य शिअरची व्हिस्कॉसिटी सरळपेक्षा कितीतरी वर जाते. थोड्या आणि लांब, तर वाढ. खूप आणि आखूड, तर घट. मधल्या पट्ट्यात ग्राफ वर चढून परत खाली येतो, तिथे नुसत्या अंदाजाने बोलू नये असं माझं मत.

हे सगळं हळू फ्लोचं झालं, तुमचं एक्स्ट्रूडर काही हळू चालत नाही. एमएफआय टेस्टमध्ये १९० डिग्रीला २.१६ किलोच्या वजनाखाली मेल्ट साधारण २ मिलिमीटरच्या भोकातून सरकतं, २ एमएफआयच्या मालाला तिथे शिअर रेट सेकंदाला मोजके चार-पाच. डायमध्ये (मेल्ट ज्या फटीतून बाहेर पडतं तिथे) तो शेकड्यांत, इंजेक्शन मोल्डिंगच्या गेटमध्ये हजारांत किंवा त्याहून वर. म्हणजे एमएफआय हा लांब वक्रावरचा एकच ठिपका, आणि तोही तुमच्या कामाच्या जागेपासून दूरचा. लांब फांद्यांच्या मेल्टची व्हिस्कॉसिटी शिअर वाढवला की लवकर आणि झपाट्याने पडते, कारण रिलॅक्स व्हायला त्याला वेळ जास्त लागतो, त्यामुळे अगदी कमी रेटलाच त्याचं पडणं सुरू होतं. अरुंद एमडब्ल्यूडीचं (साखळ्यांची वजनं जवळपास सारखी असलेलं) एलएलडीपीई बराच वेळ सपाट राहतं आणि मग हळूहळू उतरतं. दोन वक्र त्या एका ठिपक्यात एकमेकांना छेदतात, पुढे डायच्या शिअर रेटला एलएलडीपीई बरंच वर असतं. अँप्स चढले ते म्हणून. आणि खरखरीतपणा म्हणजे शार्कस्किन, डायच्या ओठांवर ताण एका मर्यादेच्या पलीकडे गेला की पृष्ठभाग फाटत फाटत बाहेर येतो. एलडीपीईसाठी केलेली अरुंद डाय गॅप एलएलडीपीईला तशीच वापरली तर हे होणारच, त्याला गॅप दुप्पट-अडीचपट मोठी लागते किंवा फ्लोरोपॉलिमरवालं प्रोसेसिंग एड घालायला लागतं. यात तुमच्या मशीनचा दोष नाही आणि खरं तर मालाचाही नाही.

टेंपरेचर वाढवून अँप्स खाली आणायचा प्रयत्न तुम्ही केला असणारच, सगळेच करतात. तिथेही फांद्या आडव्या येतात. सरळ पॉलिइथिलीनची फ्लोची अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (टेंपरेचरने व्हिस्कॉसिटी किती बदलते त्याचं माप) मोलला २७ किलोज्यूलच्या आसपास, एलडीपीईची ५० च्या आसपास. याचा साधा हिशोब केला तर १९० वरून २३० डिग्रीला गेल्यावर सरळवाल्याची व्हिस्कॉसिटी ५७ टक्क्यांवर येते आणि एलडीपीईची ३६ टक्क्यांवर. एलडीपीईवर हात बसलेला ऑपरेटर दहा डिग्री वाढवून जो फरक बघायचा तो इथे दिसतच नाही, मग तो अजून दहा वाढवतो, आणि बबल जो आधीच डोलतोय तो आणखी सैल पडतो.

आता बबल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक यालाच सगळ्यात कमी वेळ देतात, कारण रिओमीटर (मेल्टचा फ्लो मोजायचं यंत्र) म्हटलं की सगळे शिअरच मोजतात. बबल फुगतो, पॅरिसन (ब्लो मोल्डिंगमधली वितळलेली नळी) लोंबतो, फोमचा फुगा मोठा होतो, कोटिंगचा पडदा रोलवर ओढला जातो, या सगळ्यात मेल्ट घासलं जात नाही, ताणलं जातं. आणि ताणण्यात फांद्यांचं वागणं शिअरच्या अगदी उलट असतं. शिअरमध्ये एलडीपीई पटकन पातळ होतं, ताणताना मात्र एका हद्दीनंतर ते कडक व्हायला लागतं, याला स्ट्रेन हार्डनिंग म्हणतात. कारण परत गुंताच. समजा एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना फांदीचे जोड आहेत. सरळ साखळी ताणली तर ती आपल्या वाटेत लगेच आखडून घेऊ शकते, तिची टोकं मोकळी असतात, पण हा मधला तुकडा आखडायला गेला तर दोन्ही टोकांच्या फांद्या आजूबाजूच्या गुंत्यात रोवलेल्या असतात, त्या सोडत नाहीत. तुकडा खरोखर लांबतो आणि ताण चढत जातो, अगदी तो इतका चढेपर्यंत की फांद्याच वाटेत ओढल्या जातात. मॅकलीश आणि लार्सनचं १९९८ चं पॉमपॉम मॉडेल याच कल्पनेवर उभं आहे. यातून एक निष्कर्ष निघतो जो साध्या बुद्धीला पटकन सुचत नाही, नुसता तारा (एकच जोड) व्हिस्कॉसिटी कितीही वाढवो, नेहमीच्या रेटला ताणताना तो असं कडक होत नाही, कारण त्याच्या प्रत्येक हाताचं एक टोक मोकळंच आहे. स्ट्रेन हार्डनिंगसाठी दोन जोडांमध्ये अडकलेले तुकडे हवेत, म्हणजे एकाच मॉलिक्यूलमध्ये निदान दोन लांब फांद्या, आणि झाडासारखी फांदीला फांदी असेल तर फारच जोरात.

लाइनवर याचा अर्थ काय? बबल कुठे जरा पातळ झाला की ती जागा जास्त ताणली जाते, जास्त ताणली की कडक होते, मग पुढचं ताणणं शेजारच्या जाड जागेकडे जातं. जाडी आपोआप सावरली जाते. एलएलडीपीईमध्ये हे सावरणं नाही, पातळ जागा अजून पातळ होते, वारा लागला की बबल हलतो, फ्रॉस्ट लाइन (बबल गोठतो ती रेषा) वरखाली होते. पण याची दुसरी बाजू पण बघा, एलडीपीई फार पातळ ओढायला गेलात तर ते कडक होऊन तुटतं, एलएलडीपीई मात्र निमूट ओढलं जातं, आणि ताणाखाली गोठलेले मॉलिक्यूल कमी राहिल्यामुळे ओढीच्या दिशेने फाटायलाही ते चांगलं टिकतं. श्रिंक फिल्मवाल्यांना नेमकं उलटं हवं असतं, ताण गोठून राहायला पाहिजे, म्हणून ते लोक एलडीपीई सोडत नाहीत. एक्स्ट्रूजन कोटिंगमध्ये तर एलडीपीई म्हणून एकच गोष्ट नसते, ऑटोक्लेव्ह रिअ‍ॅक्टरचा माल जास्त झाडासारखा फांद्यांचा असतो, त्याचा नेक-इन (पडद्याची रुंदी आखडणं) कमी, ट्यूब्युलर रिअ‍ॅक्टरच्या मालाचा जास्त, एमएफआय सारखा असला तरी.

तुमच्यासाठी व्यवहारात मार्ग नेहमीचाच, एलएलडीपीईमध्ये १० ते २० टक्के एलडीपीई. तेवढ्यात बबल बऱ्यापैकी बसतो, अँप्स थोडे उतरतात, फिल्मची चकाकीही सुधारते, आणि बदल्यात डार्ट (पडणाऱ्या वजनाचा मार सोसायची ताकद) आणि फाटण्याला टिकायची ताकद काही प्रमाणात जाते. त्यापेक्षा जास्त घालायचं असेल तर मग एलएलडीपीई घेतलंच कशाला हा प्रश्न स्वतःला विचारावा. एलडीपीई घालताना कमी एमएफआयचं घ्या, २ च्या जागी ०.३ किंवा त्याच्या आसपासचं, त्याच टक्क्यात परिणाम जास्त मिळतो, फक्त मिक्सिंग नीट होतंय ना ते बघा, नाहीतर जेलसारखे ठिपके दिसतात आणि मग सप्लायरशी नवीन भांडण.

लॅबमध्ये रिओमीटर नसेल तर काय करायचं? एमएफआय मशीनवरच २.१६ सोबत २१.६ किलोला पण मोजा आणि गुणोत्तर काढा, जास्त आलं म्हणजे शिअर थिनिंग जास्त. पण हे गुणोत्तर दोन कारणांनी वाढतं, लांब फांद्यांनी आणि रुंद एमडब्ल्यूडीने, क्रोमियम कॅटॅलिस्टचं ब्लो मोल्डिंग एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन) मुख्यतः रुंदीमुळे मोठा आकडा देतं. म्हणून अजून एक फुकटची टेस्ट सांगतो जी फार कमी लोक करतात, एमएफआयमधून बाहेर आलेल्या कापलेल्या तुकड्याचा व्यास खालच्या टोकाजवळ मोजा (वर मोजलात तर स्वतःच्या वजनाने लांबलेला भाग मिळेल). भोक २.०९५ मिलिमीटरचं आहे, तुकडा त्याच्यापेक्षा किती जाड झालाय हे स्वेल, म्हणजे मेल्टच्या लवचिकपणाची खूण. २ एमएफआयच्या दोन ग्रेडमध्ये एलडीपीईचा तुकडा डोळ्यांनासुद्धा जाड दिसतो. रिओमीटर मिळाला तर ऑसिलेशन स्वीप (मेल्टला वेगवेगळ्या वेगाने पुढेमागे हलवून मोजणं) करून फेज अँगल आणि कॉम्प्लेक्स मॉड्युलस एकमेकांसमोर काढा, व्हॅन गुर्प-पाल्मेन प्लॉट, सरळ पॉलिमरचा वक्र गुळगुळीत उतरतो आणि थोड्या लांब फांद्या असल्या तरी मध्ये खांदा किंवा बाक दिसतो. एवढ्या कमी फांद्या पकडायला रिओलॉजीइतकं तीक्ष्ण दुसरं काही नाही, एनएमआर तिथे हात टेकतो. एक काळजी घ्या, एक्स्ट्रूडरमधून नुकतंच जोरात घुसळून आलेलं एलडीपीई काही काळ कमी लवचिक वागतं, गुंता तात्पुरता सुटलेला असतो, त्यामुळे दाणा आणि फिल्मचा स्क्रॅप यांची तुलना करताना फरक दिसला म्हणून लगेच डिग्रेडेशन म्हणू नका.

स्क्रॅपवरून आठवलं, तुम्ही ओझरतं विचारलं होतं की रिसायकल एचडीपीईचा एमएफआय प्रत्येक फेरीला खाली का जातो आणि पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) वर का. तेही फांद्यांचंच. अँटिऑक्सिडंट संपला की पीपीच्या साखळीवर तयार झालेलं रॅडिकल साखळी तोडतं, वजन कमी, एमएफआय वर, आणि कंट्रोल्ड रिओलॉजीचे ग्रेड पेरॉक्साइड घालून मुद्दाम असेच करतात. पॉलिइथिलीनमध्ये रॅडिकल तोडण्यापेक्षा जोडायचं काम जास्त करतं, त्यातही क्रोमियम कॅटॅलिस्टच्या मालात साखळीच्या टोकाला व्हायनिल ग्रुप असतो तो पटकन चिकटतो, लांब फांदी तयार होते, एमएफआय घसरतो आणि पॅरिसनचा स्वेल बदलतो. याच कारणाने पीपीला फोमसाठी फांद्या लावणं अवघड, नेहमीच्या टेंपरेचरला पेरॉक्साइड टाकलं तर फांदी लागायच्या आधी साखळीच तुटते, म्हणून हाय मेल्ट स्ट्रेंथ पीपी ऑक्सिजन दूर ठेवून इलेक्ट्रॉन बीमने किंवा कमी टेंपरेचरला फुटणारं पेरॉक्साइड वापरून करतात. पीईटीत (बाटल्यांच्या पॉलिएस्टरमध्ये) पायरोमेलिटिक डायअनहायड्राइड किंवा बहु-इपॉक्सी चेन एक्स्टेंडर घालतात, तिथे डोस टक्क्याच्या अपूर्णांकात असतो, आणि एका हद्दीपर्यंत फांद्या, त्याच्या जरा पुढे गेलात की जाळं, म्हणजे जेल. डोसिंग फीडर थरथरत असेल तर पीईटीच्या फांद्यांच्या नादी न लागलेलं बरं.